मरून गाडीला कूलर

माझी आई आमच्या गाडीला सवत म्हणायची. बाबांच्या तोंडावर म्हणायची नाही, पण त्यांना ऐकू जाणार नाही इतकं लांब जाऊनही म्हणायची नाही. बाबा सकाळी चहाच्या आधी गाडीवरची चादर काढत, काचा पुसत, बॉनेटवरून हात फिरवत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई मला म्हणायची, "पाह्य, कशी पाठ चोळून राह्यले तिची. माया गुडघ्याले कधी तेल लावलं का?"

गाडीला हात लावायचा हक्क एकट्या बाबांचा. आईनं दार लावलं की हे ओरडणार, "हळू! हळू!" तिनं आत बसायच्या आधी चप्पल झटकायची, बसल्यावर काच खाली-वर करायची नाही, आणि शेंगदाण्याचं नाव काढायचं नाही. बोलताना ते "आपली गाडी" कधी म्हणाले नाहीत. नेहमी "माझी गाडी". घर आपलं, वावर आपलं, म्हैस होती तेव्हा म्हैससुद्धा आपली होती. गाडी मात्र त्यांची.

आणि ही गाडी कशी? तर वर्ध्याच्या एका डॉक्टरांनी वापरून वापरून विकलेली. बाबा पंचायत समितीत नोकरी करत आणि अल्लीपूरची शेती बघत, तेव्हा हौसेनं घेतलेली. मूळचा रंग मरून. पण आमच्याकडच्या उन्हानं छताचा रंग पार उडवला, दारांच्या खालच्या कडा गंजल्या, आणि पत्र्यातले खड्डे बुजवायला गॅरेजवाले जो लगदा भरतात, ज्याला लांबी म्हणतात, त्याचे राखाडी ठिपके अंगभर. लांबून गाडीला नायटा झाल्यासारखं दिसायचं. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर बाबा माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाहीत.

खरी ठिणगी पडली ती आईच्या माहेरी. आईचं माहेर तळेगावचं, श्यामजी पंताचं तळेगाव. मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आम्ही गाडी मंडपासमोर लावली आणि खाली उतरतोय तोच मामा धावत आला. "भाऊजी, गाडी जरा मांगं घेता का, गोठ्याकडं? इथं शूटिंग चालू हाय." बाबांनी मुकाट्यानं गाडी मागे नेली, दोन बैलांच्या शेजारी लावली आणि तिथंच टायर बघत उभे राहिले. आईनं ते सगळं पाहिलं. माहेरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या तेही पाहिलं. तिनं त्या दिवशी जेवताना पुरण मागून घेतलं नाही, एवढ्यावरून मी काय ते समजले. परतताना आर्वी आल्यावर ती म्हणाली, "माया माहेरी मी आता या गाडीत बसून येनार नाई."

बाबा म्हणाले, "मी दुसऱ्या गाडीत येनार नाई."

झालं. दोघंही शब्दाला पक्के. आणि आता मामाच्या मुलाचं लग्न निघालं होतं, ऐन मे महिन्यात. आई नवरदेवाची आत्या. आत्याचा मान असतो, ती तर जाणारच. पण ती एस्टीनं आणि बाबा गाडीनं गेले, तर अख्खं तळेगाव म्हणणार, यांचं बिनसलं. आणि बाबा गेलेच नाहीत तर त्याहून वाईट म्हणणार. दोघांनी एका गाडीतून उतरावं, एवढीच माझी इच्छा होती. ती पुरी करायला मी वर्ध्याहून सुटी टाकून आले. वर्ध्याला मी एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. माझ्या स्वभावाबद्दल लोक जे बोलतात ते या कामामुळे आहे, असं मी सांगत असते.

मी घरी पोचले तेव्हा बाबांनी तोडगा काढून ठेवला होता. गाडीला नवा रंग द्यायचा. हिंगणघाटच्या गॅरेजवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारून "काकाजी, हिले रंग काहाले देता, आता भंगारात..." एवढंच म्हटलं होतं. वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा गाडी वळवून निघून आले होते. मग मोबाइलवर रंगकामाचे व्हिडिओ बघून बघून त्यांच्या अंगात पेंटर संचारला होता. रंग घरीच मारायचा. स्वतः मारायचा. त्यासाठी स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मागून आणला होता आणि स्प्रेगन कुठून तरी पैदा केली होती.

"बाबा, तुम्ही आयुष्यात कधी रंग मारला आहे?" मी विचारलं.

"पोळ्याले बैलाची शिंगं कोन रंगवत होतं? मीच."

मी पिशवीतून मास्क काढून त्यांच्या हातात ठेवला.

रंगाची निवडसुद्धा सरळ झाली नाही. दुकानदाराला नमुना दाखवायला पेट्रोलच्या टाकीचं झाकण न्यायचं ठरलं होतं, पण त्याचा स्क्रू गंजून बसलेला. तेव्हा आईनं कपाटातून मरून ब्लाऊजपीस काढला. लग्नात ती मरून शालू नेसणार होती. ती म्हणाली, "हेच घेऊन जाजा. रंग लावताच हाय तं मॅचिंग तरी होऊ द्या." बाबा तो ब्लाऊजपीस घेऊन वर्ध्याच्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काकाजी, मॅचिंग सेंटर समोरच्या गल्लीत हाय." पण रंग त्यानं हुबेहूब मिसळून दिला. त्या माणसाच्या हाताला यश आहे. पुढं जे झालं त्यात त्याचा काहीही दोष नाही.

पहिल्या सकाळी पूजा. कॉम्प्रेसरला हळदीकुंकू, स्प्रेगनला फूल, गाडीपुढे नारळ. एवढं मी समजू शकते. पण आईनं पेटलेल्या उदबत्त्या थिनरच्या उघड्या डब्याशेजारी खोचल्या आणि डोळे मिटून हात जोडले. मी इतकी जोरात किंचाळले की बाबांच्या हातातला नारळ वाढवायच्या आधीच खाली पडला आणि फुटला. मी उदबत्त्या उचलून लांब तुळशीत खोचल्या.

"अवं, देवाचं हाय ते," आई म्हणाली.

"देवाचंच राहील, आपणही राहू," मी म्हटलं.

आता मिश्रण. खरी गंमत इथून पुढची आहे. डब्यातला रंग काकवीसारखा घट्ट असतो, तो गनमधून उडत नाही. त्यात थिनर घालून पातळ करावा लागतो. जास्त घट्ट राहिला तर गन थुंकते, जास्त पातळ झाला तर रंग ओघळतो. किती थिनर घालायचं हाच सगळा प्रश्न, आणि आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाला माणसं तीन असली तर उत्तरं चार निघतात.

माझं मत, मोजून घालावं. डब्यावर प्रमाण लिहिलं होतं. मी लॅबमधून काचेचं मोजपात्र आणलं होतं, नवं, कधी कशाला न वापरलेलं. तरी आई ते स्वयंपाकघरात आणू देईना. बाबांचं मत, मोजायची गरज नाही, नजर पाहिजे. आई पायरीवर बसून मेथी निवडत होती. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

बाबांनी नजरेनं थिनर घातलं. त्यांची नजर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सुधारली असं डॉक्टर म्हणतात. गाडीवर एकदम नको म्हणून न्हाणीच्या पत्र्याच्या दारावर आधी मारून बघायचं ठरलं. बाबांनी तोंडाला शेला बांधला, मी दिलेला मास्क त्याच्यावरून लावला, गन उचलली आणि घोडा दाबला. गन आधी खोकली. मग तिनं दारावर रंगाचे गोळे थुंकायला सुरुवात केली. वाळल्यावर दारावर हात फिरवला तर बारीक बारीक उंचवटे आणि खळगे. बाबांनी ते बघितलं, मान वाकडी केली आणि आईकडे बघून म्हणाले, "तुया माहेरचं संत्रं निघालं हे. साल पाह्य, हुबेहूब."

"माया माहेरच्या संत्र्याले नावं ठेवू नका," आई मेथीतून मान वर न काढता म्हणाली.

मग माझी पाळी. मी मोजपात्रानं मोजून, डब्यावरचं प्रमाण तंतोतंत पाळून मिश्रण केलं आणि अभिमानानं फाटकावर मारलं. सकाळ वर चढली होती, फाटकाचा पत्रा तापला होता. रंग सुरेख बसला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. मग तो हळूच हलला. फाटकाच्या वरच्या पट्टीवरून एक ओघळ निघाला, त्याच्या शेजारून दुसरा, आणि बघता बघता फाटक हुंदके देऊन रडायला लागलं. मला वाटतं मी थिनर दोनदा ओतलं होतं, कारण मध्ये बाबा माझ्याशी भांडत होते. हे मी त्या वेळी कबूल केलं नाही आणि आताही करत नाही.

तेव्हा आई उठली. तिनं पदराला हात पुसले, स्वयंपाकघरात गेली आणि दांडा तुटलेली एक जुनी पळी घेऊन आली. चांगली पळी देणार नाही म्हणाली. पळीनं तिनं डबा ढवळला, पळी वर उचलली आणि धारेकडे बघितलं. "थोडं टाका," म्हणाली. बाबांनी थिनर घातलं. पुन्हा ढवळलं. "अजून थोडं. बस, बस! वरन नाई पायजे, कढी पायजे. धार तुटली नाई पायजे आन् पळी उघडी बी पडली नाई पायजे. आता मारा."

गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर मारून पाहिलं. कोठी आरशासारखी झाली. त्यात मला माझा मास्क लावलेला चेहरा दिसला, आणि माझ्यामागे बाबा आईकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजरही दिसली. असं ते फक्त गाडीकडे बघतात.

तरी त्या यशाच्या आनंदात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. न्हाणीचं दार, फाटक आणि कोठी यांनी बराच रंग पिऊन टाकला होता. शिवाय शेजारची एक कोंबडी वाऱ्याच्या बाजूनं चालत गेली आणि एका पंखानं मरून झाली. ती लग्न होऊन गेल्यावरही कितीतरी दिवस गल्लीत तशीच ऐटीत फिरत होती आणि तिची मालकीण आमच्याकडे बघून तोंड फिरवायची.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सुरुवात केली. कॉम्प्रेसर देताना पंक्चरवाल्यानं एकच गोष्ट सांगितली होती: "काकाजी, सकाळीच मारजा. उन्हात थिनर उडून जाते." गाडी टिनाच्या शेडमध्ये. काचांवर, दिव्यांवर जुने पेपर चिकटवलेले. बाबा मधेच थांबून समोरच्या काचेवरची कापसाच्या भावाची बातमी वाचत आणि सरकारला शिव्या देऊन पुन्हा गन उचलत. आई कढी बनवत होती, म्हणजे रंग. तिच्या पळीचा अंदाज एकदाही चुकला नाही. डावी बाजू संपली तेव्हा ती इतकी देखणी दिसत होती की मी मास्क खाली ओढून बघत राहिले. आईसुद्धा पायरीवरून उतरून जवळ आली. हात लावायला गेली, मग आठवून हात मागे घेतला.

"लाव," बाबा म्हणाले. "नाई, आता नको, ओलं हाय. वाळल्यावर लाव."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. उजवी बाजू, छत आणि बॉनेट उद्या केलं असतं. पण उद्या हळद होती, परवा लग्न, आणि बाबांच्या अंगातला पेंटर काही खाली उतरायला तयार नव्हता. ऊन वर आलं. शेडचा टिन तापला. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे काय हे मी इथल्या माणसाला सांगायला नको. गनमधून निघालेला रंग गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळायला लागला. पत्र्यावर बसायचा तो भुकटी होऊन. हात फिरवला तर रवा.

बाबांनी थिनर वाढवलं. तरी रवा. शेला घामानं ओला झाला होता, चष्मा वाफेनं भरला होता, आणि ते उभ्या उभ्या झुलत होते. मी म्हटलं बस करा, ऊन लागेल. ते म्हणाले लागू दे. त्यांना रंग अर्धा राहिला याचं दुःख नव्हतं. त्यांना परवाचा मंडप दिसत होता आणि दोन बैल दिसत होते.

आई घरात गेली. मला वाटलं पन्हं आणायला गेली. ती बाहेर आली ती बैठकीतला कूलर ढकलत. आमच्याकडे पाहुणा आला की आधी कूलर त्याच्याकडे फिरवायचा, मग पाणी विचारायचं. नव्या जावयाच्या मानाचं मोजमाप आमच्या भागात कूलरच्या अंतरावरून होतं. तो लोखंडी स्टँडवरचा मोठा कूलर चाकं करकरत शेडच्या दारात येऊन थांबला.

"माणसाले लावता, तं तिले काऊन नाई?" आई म्हणाली. "ती बी गरम झाली, तुमी बी गरम झाले. अवं, पाहून काय राह्यली, बादली आन पान्याची."

आणि मी, रक्तातली साखर दशांशापर्यंत सांगणाऱ्या बाईनं, बादल्या भरभरून त्या कूलरमध्ये पाणी ओतलं. गवताच्या ताट्या चिंब भिजवल्या. बटण दाबलं. गार, ओलसर, ताट्यांच्या वासाचा झोत शेडमध्ये घुसला. बाबांनी डोळे मिटून दोन्ही हात पसरले. "अहाहा," म्हणाले. मग गन उचलली. आणि काय सांगू, रंग बसायला लागला! रवा थांबला. बॉनेट, छत, उजवी दोन्ही दारं, सगळं ओलं, चमकदार, सलग. आई कूलरची मान फिरवून झोत बरोबर बाबांच्या पाठीवर धरत होती. ते जिकडे सरकत तिकडे ती कूलर सरकवत होती. दोघंही हसत होते. मी आई-बाबांना असं एका कामात एकमेकांभोवती फिरताना कधी बघितलं नव्हतं. डबा पूर्ण रिकामा झाला तेव्हा गाडी पूर्ण झाली होती. आम्ही जेवायला बसलो आणि आईनं बाबांना न मागता तूप वाढलं.

हात धुवून बाहेर आलो, तर उजव्या बाजूला साय आली होती.

दुसरा शब्द नाही. मरून रंगावर दुधाची पातळ साय पसरावी तसा पांढुरका थर. बॉनेटवर आधी ढगाढगांनी, मग सगळीकडे. आम्ही बघत असतानाच उजवं दार मरूनचं गुलाबी झालं. छत गुलाबी झालं. डावी बाजू ब्लाऊजपीससारखी मरून, आणि उजवी, छपरासकट, बीटची दही घातलेली कोशिंबीर. मधोमध, जिथं कूलरचा झोत नीट पोचला नव्हता, तिथं सरमिसळ. बॉनेटवर कूलरच्या ताटीतल्या गवताच्या चार काड्या पक्क्या चिकटल्या होत्या.

माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. थिनर उडतं तेव्हा पत्रा गार पडतो. त्यात आम्ही पाण्यानं लदलदलेली हवा मारली. ते पाणी ओल्या रंगात शिरलं. शाळेत शिकलेलं सगळं आठवलं, बादल्या ओतून झाल्यावर. मी ते समजावून सांगितलं आणि सांगता सांगताच लक्षात आलं की समजावायला नको होतं.

आई कूलरकडे बघत होती. मग तिनं जाऊन त्याचं बटण बंद केलं. इतका वेळ तो चालूच होता.

बाबा तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाडीवर चादर टाकली, सगळीकडून नीट ओढली आणि म्हणाले, "तू एस्टीनं जाजो. मी नाई येत." रंग संपला होता. नवा मिसळून आणायला वेळ नव्हता. मला त्या क्षणी सगळ्यांचा इतका राग आला की मी न्हाणीत जाऊन संत्र्याची साल झालेलं दार आपटलं. आमच्या घरात कितीतरी वर्षांनी कुणी दार आपटलं आणि बाबा "हळू" म्हणाले नाहीत. मला रडूच आलं.

हळदीला आई गेली नाही. डोकं दुखतं असा निरोप धाडला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आईची बॅग भरून स्टँडवर जायला तयार झाले. आई मरून शालू नेसून, नथ घालून बाहेर आली. अंगणात बाबा लेंगा-बनियनवर खाटेवर बसलेले. आई त्यांच्यासमोरून सरळ शेडमध्ये गेली. तिनं चादर ओढून काढली, घडी न करताच बाजूला फेकली, पुढचं दार उघडलं, आत बसली आणि दार धाडकन लावून घेतलं.

बाबा उठून उभे राहिले.

"चला," आतून आई म्हणाली. "मुहूर्त का तुमच्यासाठी थांबनार हाय? आंघोळ करा आन् तो नवा सदरा घाला."

"अवो, पन गाडी..."

"गाडीले काय झालं? मी लावला ना कूलर. मीच बसतो." आमच्याकडे बायकासुद्धा असंच म्हणतात, बसतो, जातो. पण त्या दिवशी ते मला फार शोभून दिसलं.

वाटेत आर्वीला सिग्नल नसतानाही लोक थांबून बघत होते. डावीकडचे मरून बघत आणि उजवीकडचे गुलाबी, आणि मागच्या काचेतून मला दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना काहीतरी सांगताना दिसत. मी ओढणी तोंडावर घेतली. आईनं पर्समधून शेंगदाणे काढले आणि खाल्ले. बाबांनी बघितलं. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केला, आणि आईनं त्यावर चार दाणे ठेवले.

तळेगावला मंडपासमोर फुलांनी सजवलेल्या गाड्यांची रांग लागली होती. बाबांनी वेग कमी केला आणि न विचारताच गाडी गोठ्याच्या बाजूला वळवायला घेतली. "इथंच लावा," आई म्हणाली. बाबांनी लावली, सगळ्यांच्या मधोमध. मामा फेटा सावरत धावत आला. त्यानं आधी डावी बाजू बघितली आणि चेहरा खुलला. मग तो पुढून वळसा घालून उजवीकडे आला.

"बाई," तो आईला म्हणाला, "हे... रंग कोनं मारला हा?"

"आमीच. घरी."

"मंग हे असं दोन रंगाचं काऊन?"

मी खाली मान घातली. बाबा वाकून टायर बघायला लागले होते. आई गाडीतून उतरली, शालूच्या निऱ्या नीट केल्या आणि बाबांकडे हात करून सगळ्या माहेराला ऐकू जाईल असं म्हणाली, "तो मरून याईचा हाय आन् हा गुलाबी माया. अर्धी याईनं रंगवली, अर्धी मी. तुमच्या इथं हाय का अशी कोनाची? शूटिंगवाल्याले बोलाव, इकडून घे म्हना."

टायर बघता बघता बाबांनी चष्मा काढून पुसला. टायरला काही झालं नव्हतं.

लग्नानंतर दोन-तीन दिवसांनी पंक्चरवाला कॉम्प्रेसर न्यायला आला. त्यानं गाडीची उजवी बाजू बघितली, नखानं जरा खरवडलं आणि हसला. "काकाजी, ओल धरली हो. काही नाई, नुसतं थिनर हलक्या हातानं मारतो वरून, साय उडून जाते. आत्ता करून देतो, चहा होईस्तोवर." आणि त्यानं गन उचललीसुद्धा.

आई पायरीवर तूर निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण सूप थांबलं.

बाबा गाडी पुसत होते, डावीकडची. फडकं खांद्यावर टाकून ते सरळ झाले.

"मले काय विचारतो?" ते म्हणाले. "ती बाजू माझी नाई. तिले विचार."